फिजिओ टिकत नाहीत, पेशंट कुरकुरतात : पगार वाढवू की नवीन मशिन घेऊ?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांत तुमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमधून चार फिजिओ सोडून गेले, त्यांच्यामागोमाग पेशंटही गेले, आणि आता हातात जे पैसे आहेत ते पगारात घालावेत की मशिनमध्ये, हे कळत नाही. मी साताऱ्यात अकरा वर्षं क्लिनिक चालवतोय. माझ्याकडेही हेच झालं होतं. मला विचाराल तर दोन्ही राहू द्या. आधी तुमची अपॉइंटमेंटची वही उघडा आणि एका फिजिओच्या नावापुढे एका तासात किती पेशंट आहेत ते मोजा.

मी मोजले ते एका पेशंटला भाजल्यानंतर. साठीच्या बाई, वीस वर्षांचा मधुमेह, पाठीला हॉट पॅक. हायड्रोकोलेटरच्या, म्हणजे हे पॅक गरम करायच्या टाकीतलं पाणी सत्तर अंशांच्या वर असतं, म्हणून पॅकभोवती टॉवेलचे सहा-आठ पदर लागतात. मधुमेहात संवेदना कमी झालेली असू शकते. त्यामुळे शेक देण्याआधी गरम आणि गार परीक्षानळी त्वचेला लावून विचारायचं असतं, हे कॉलेजात पहिल्यांदा शिकवतात. त्या दिवशी कुणी विचारलं नाही. बाईंना चटका जाणवलाच नाही, घरी गेल्यावर सुनेला फोड दिसले. शेक देणाऱ्या फिजिओ मुलीला मी सगळ्यांसमोर झापलं. महिन्याभरात ती सोडून गेली. रात्री वही पाहिली तर त्या एका तासात तिच्या नावावर पाच पेशंट होते, आणि ते लिहिणारा मीच.

पाच पेशंट म्हणजे काय होतं तुम्हाला माहीत आहे. दोघांना करंट लावून पडदा ओढायचा, एकाला शेक, एकाला 'कालचेच व्यायाम करा', आणि जो जास्त बोलतो त्याच्याकडे लक्ष. पेशंटला वाटतं आपल्याकडे कुणी बघतच नाही. साडेचार वर्षं शिकून आलेल्या मुलीला वाटतं आपण मशिनचं बटण दाबायला आलो. दोघंही एकाच कारणाने जातात.

आता आमच्याकडे जुन्या पेशंटला अर्धा तास, नव्याला पाऊण तास, आणि एका वेळी एका फिजिओकडे एकच. फी वाढवावी लागली. पहिले चार महिने वाईट गेले, खोटं कशाला सांगू. दहा सिटिंगचं आगाऊ पॅकेजही बंद केलं. सहा सिटिंगमध्ये बरा झालेला माणूस उरलेले चार भरून काढायला येतो, आणि त्याला काय द्यायचं हे फिजिओला सुचत नाही. उलट खांदा आखडलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की याला कित्येक महिने, कधी वर्षाच्या वरही लागू शकतं. ऐकून काहीजण परत येत नाहीत. येतात ते पंधराव्या दिवशी माझ्या फिजिओशी भांडत नाहीत.

पेशंट फिजिओच्या मागे जातात म्हणून काहीजण बाँड लिहून घेतात, मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवतात. असलं काही करू नका. नोंदी नीट ठेवा. आज गुडघा किती अंश वाकला, कोणता व्यायाम किती वेळा झाला, काय दुखलं, हे त्याच दिवशी लिहिलं तर दुसरी फिजिओ उद्या तिथूनच पुढे नेते. पण ते लिहायला वेळ लागतो, म्हणून दुपारी अर्धा तास कुणालाच अपॉइंटमेंट देत नाही.

स्टाफच्या शरीराकडे आपण सगळ्यात उशिरा बघतो, हा आपल्या धंद्यातला विनोदच आहे. दिवसभर हाताने काम करून अंगठ्याचं मूळ धरतं, बुटक्या काउचवर, म्हणजे पेशंटला झोपवायच्या पलंगावर, वाकून कंबर. माझ्याकडची एक फिजिओ मनगटाला पट्टी बांधून दुसऱ्यांच्या मनगटाचे व्यायाम घेत होती. आता दिवसातले हाताने करायचे जड पेशंट दोघींत वाटतो. कुणी गरोदर असेल तर डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी आतपर्यंत शेक देणारं मशिन, दुसऱ्याने लावायची आणि तिने त्या खोलीपासून लांबच राहायचं, यावर चर्चा नाही. घरी जाऊन ट्रीटमेंट द्यायची असेल तर नव्या घरी पहिल्यांदा मी किंवा दुसरं कुणीतरी सोबत जातं, आणि जाण्यायेण्याचा वेळ कामातच धरतो.

आमच्या मावशींनाही विसरू नका. कोण घरी व्यायाम करत नाही हे त्यांना माझ्याआधी कळतं, कारण पेशंट खरं त्यांनाच सांगतात. बुधवारच्या मिटिंगला त्याही बसतात.

पगार द्यायचाच, पण सिटिंगमागे कमिशनवर नको, ठरावीक द्या. कमिशन ठेवलंत की तासाला पाच पेशंट परत सुरू. आणि मशिनचं म्हणाल, तर हातात पैसे असतील तर आधी वरखाली होणारा एक काउच घ्या. आमच्याकडे तेवढे नव्हते तेव्हा सुताराकडून दोन वेगवेगळ्या उंचीचे करून घेतले होते. त्यातला एक अजून वापरात आहे.