टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोट्यूब जितक्या लांब, तितका हायड्रोजन जास्त मिळतो का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी टायटॅनियमच्या फॉइलवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोट्यूब (अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) वाढवताय, त्या २० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नेल्या तर उन्हात पाण्यापासून जास्त हायड्रोजन सुटेल का, आणि पुढेमागे हा प्रकार गच्चीवर बसवता येईल का. पहिल्याचं उत्तर: काही मायक्रॉनपर्यंत हो, त्यापुढे नाही. दुसऱ्याचं: नुसत्या टायटॅनियम डायऑक्साइडवर तरी नाही.

याच मोहात मीही पडलो होतो. पीएचडीचं पहिलं वर्ष. इथिलीन ग्लायकॉल, त्यात थोडं अमोनियम फ्लोराइड आणि दोन टक्के पाणी, त्यात बुडवलेल्या फॉइलला ६० व्होल्ट, रात्रभर. सकाळी फॉइल धुऊन वाळत ठेवली आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर ट्यूबांचा सगळा थर कांद्याच्या सालीसारखा सुटून वर आलेला! थर जाड झाला की वाळताना द्रवाच्या पृष्ठताणाने ट्यूबा एकमेकींना ओढतात आणि पाया सोडतात. जे तुकडे टिकले ते भट्टीत भाजून मोजले, तर फोटोकरंट (प्रकाश पडल्यावर वाहणारा विद्युतप्रवाह) आखूड ट्यूबांपेक्षाही कमी. आठवडाभर भट्टीला दोष दिला. बिचारीची काहीच चूक नव्हती, ट्यूब कशासाठी असते हेच मला नीट कळलं नव्हतं.

१९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी रुटाइलच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्याच एका प्रकारच्या) स्फटिकावर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, तेव्हा ट्यूब वगैरे काही नव्हतं. प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरलेली धनभारित रिकामी जागा) अशी जोडी तयार होते. होलने पृष्ठभागावर पोचून पाण्यातून ऑक्सिजन काढायचा, इलेक्ट्रॉनने तारेतून प्लॅटिनमपर्यंत जाऊन हायड्रोजन. अडचण होलची. तो जेमतेम काही दहा-वीस नॅनोमीटर चालतो, मग वाटेत इलेक्ट्रॉन भेटला की दोघांचाही खेळ खलास. सपाट जाड थरात खोलवर जन्मलेला होल पाण्यापर्यंत पोचतच नाही.

ट्यूबची भिंत मात्र १०-२० नॅनोमीटरची, आणि पाणी आतूनही, बाहेरूनही. होल आडवा दोन पावलं गेला की पाण्यात. इलेक्ट्रॉन उभा खाली फॉइलकडे जातो. म्हणजे प्रकाशाला शोषायला उंची मिळते आणि होलला चालायला फक्त भिंतीची जाडी. ट्यूबची सगळी हुशारी एवढीच आहे. पण ज्या अतिनील किरणांवर हे चालतं, ते वरच्या काही मायक्रॉनमध्येच बहुतेक संपतात. त्याखाली अंधार. वर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला मात्र ती अंधारी लांबी पार करून खाली यावं लागतं, आणि वाटेत जागोजागी ट्रॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकवणारे दोष. २० मायक्रॉनचा फायदा कुणाला? कुणालाच नाही.

आता गच्ची. ट्यूबा भाजल्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अ‍ॅनाटेज नावाचा स्फटिकी प्रकार मिळतो. अ‍ॅनाटेजचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचाच प्रकाश कामाचा. उन्हात तो ४-५ टक्के. हिशेबाने यातून सौरऊर्जेची फार तर १.३ टक्के हायड्रोजनमध्ये उतरते, आणि ही कागदावरची कमाल. ट्यूबचा आकार बदलून हा आकडा हलत नाही, कारण आकाराचा बँडगॅपशी संबंध नाही (भिंत एवढी पातळ असूनही). पेपरांमध्ये दहा टक्क्यांच्या वरचे आकडे दिसतील, तेव्हा आधी दिवा कोणता ते बघा. फक्त अतिनील दिव्याखाली मोजलेली कार्यक्षमता म्हणजे उरलेलं ९५ टक्के ऊन हिशेबातून वगळणं. मला हे अप्रामाणिक वाटत नाही, पण मथळ्यात तो आकडा घालणं नक्कीच खटकतं.

समजा तुम्हाला चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअर मिळाला, जो नुसत्या टायटॅनियम डायऑक्साइडसाठी उत्तम आहे. चौरस मीटरला १० अँपिअर, तासाला साधारण साडेचार लिटर हायड्रोजन, ऊर्जा अंदाजे १५ वॉट-तास. त्यातही करंटला मदत म्हणून बाहेरून दिलेल्या अर्ध्याएक व्होल्टची ऊर्जा वजा व्हायचीय. तेवढ्याच जागेतलं सिलिकॉनचं पॅनेल कडक उन्हात तासाला २०० वॉट-तासांच्या आसपास देतं. त्याला इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) जोडला तरी ते मैलोगणती पुढे.

मग प्रोजेक्ट सोडायचा का? अजिबात नाही. कॅडमियम सल्फाइडचे कण बसवा, हायड्रोजनमध्ये भाजून काळं टायटॅनियम डायऑक्साइड करून बघा. पहिलं दृश्य प्रकाश शोषतं पण स्वतःच गंजतं, दुसरं दिसायला काळं होतं पण काळेपणाच्या मानाने करंट वाढत नाही. 'का नाही' हाच चांगला प्रोजेक्ट आहे.

करताना एवढं सांभाळा. फ्लोराइड काच खातं, म्हणून प्लास्टिकचा बीकर आणि हातमोजे. ट्यूब २-५ मायक्रॉनच ठेवा. ताज्या ट्यूबा अस्फटिक असतात, ४५० अंशाला तासभर भाजून अ‍ॅनाटेज करा, नाहीतर करंटच दिसणार नाही. आणि मोजताना दिवा दर दहा सेकंदांनी झाकून बघा. अंधारातही करंट तसाच राहिला, तर तो पाणी फुटण्याचा नाही, कुठेतरी उघड्या राहिलेल्या तारेचा आहे. माझा पहिला 'विक्रम' तसाच निघाला होता.