पौर्णिमा सोडा, सप्तमी धरा

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पाच मैत्रिणी, सगळ्या पंचावन्न ते साठच्या. पुण्याच्या टेकड्या रोज चढतो. आता वेळणेश्वर ते हेदवी डांबरी रस्ता सोडून समुद्राच्या कडेने, खडकांवरून दिवसभर चालायचं मनात आहे. पौष पौर्णिमेला जोडून शनिवार-रविवार आलाय. सकाळी निवांत नाश्ता करून निघायचं आणि रात्री हेदवीच्या वाळूत चांदण्यात बसायचं असा बेत आहे. एकीचे गुडघे दुखतात. बूट कसले घ्यावेत, आणखी काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बुटांचं नंतर सांगते. आधी तो शनिवार बदला.

पौर्णिमेला कोकणात भर दुपारी भरती असते, तीही उधाणाची. तुम्ही नाश्ता उरकून नऊला निघाल तेव्हा पाणी चढत असेल, आणि वाट सगळ्यात अवघड होईल त्याच वेळी ते सगळ्यात वर असेल. हे मी अंगावर काढलेलं आहे. काही वर्षांपूर्वी माघी पौर्णिमेला आम्ही चौघी याच किनाऱ्याने निघालो होतो. दहाच्या सुमारास समोरची घळ पाण्याने भरली, म्हणून मागे वळलो, तर आलो ती वाटही बुडालेली. वर कडा, त्यावर निवडुंग. बैठकीएवढ्या एका खडकावर आम्ही दुपारी दोन-अडीचपर्यंत बसून राहिलो, चौघींत पाण्याच्या दोन बाटल्या. कोणाला खरचटलंही नाही. पण माझ्या मैत्रिणीचा हात त्या चार तासांत माझ्या हातातून सुटला नव्हता, ते मी विसरलेले नाही.

संध्याकाळी गावातल्या एका खारवी (मासेमारी करणाऱ्या) आजोबांनी आम्हाला अंगणात बसवून हिशोब शिकवला. तिथीला पाऊणकी लावायची. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब एकच. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागे तेवढीच सरकते, म्हणून ही पाऊणकी. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा सहा तासांनी दुसरी भरती. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, म्हणून निघण्याआधी छापील कोष्टकाशी ताडून बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग ती कोष्टकं दरवर्षी काढतो. माझ्या वडिलांना पाऊणकी तोंडपाठ होती, पण तिचा समुद्राशी असा संबंध आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुम्हाला ते निघायच्या आधी कळावं, म्हणून एवढं लिहिते आहे.

आता सप्तमी घ्या. भरती पहाटे सव्वापाचला, ओहोटी साडेअकराच्या आसपास. आठला वेळणेश्वराच्या देवळापासून निघालात, तर पाणी तुमच्यापुढे उतरत जाईल. दहा ते एक या वेळात खडकाळ टप्पा पार पडतो. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट. पाणी फार खाली जात नाही, पण फार वरही येत नाही, आणि अनोळखी माणसाला हेच बरं. एक गोष्ट मात्र मनात पक्की धरा. पाणी सगळे सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते. ‘अजून लांब आहे’ असं वाटत असतानाच ते पायाशी पोचतं. म्हणून दुपारी दोनच्या आत खडकांवरून वर या. पुढे सड्यावरच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरच्या, पायवाटेने चाला.

डबा कुठे उघडायचा, हे खडकच सांगतो. खडकांवर कालवांचा आणि बारीक शिंपल्यांचा पांढुरका, खरखरीत पट्टा दिसेल. रोजची भरती तिथवर येते. बसायचं ते त्याच्या बरंच वर, कोरड्या दगडावर. कालवांची धार सुरीसारखी असते, तिथे हात टेकू नका.

बूट रबरी तळव्याचे, घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे. नवे कोरे नकोत. हिरवं-काळं शेवाळ दिसलं की कोणत्याही बुटाचा भरवसा धरू नका, वळसा घ्या. वाटेत सावली नाही, गोडं पाणी नाही. माणशी तीन लिटर पाणी, भाकरी आणि लसणीची चटणी. फोनला सगळीकडे रेंज मिळत नाही, त्यामुळे किती वाजता कुठे पोचणार हे मुक्कामाच्या घरी सांगून निघा. जमलं तर गावातलंच कोणीतरी सोबत घ्या, आणि त्यांच्या दिवसाचे पैसे आधी ठरवून आनंदाने द्या. सड्यावर आंबा-काजूच्या बागा आहेत, जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती आहेत. गडग्यावरून उडी मारू नका, दगड सुटे असतात. बेडं, म्हणजे बागेचं फाटक, उघडलंत तर लावून घ्या.

गुडघेदुखी असलेल्या मैत्रिणीला खडकांवरून नेऊ नका. सपाटीवर दुखत नसेल, तर सकाळी तिने वेळणेश्वरच्या वाळूत तुमच्याबरोबर चालावं, मग रिक्षाने हेदवीला जावं. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन किनाऱ्यावरच्या उमा-महेश्वराच्या देवळापाशी तिने थांबावं. तिला एकटीला पाठवू नका. एकजण तिच्यासोबत हवी, आणि ती कोण हे आदल्या रात्रीच ठरवा. सकाळी घाईत ठरवलं की तिला आपण ओझं झालो असं वाटतं. आमच्यात असं झालं होतं आणि ती मैत्रीण पुढे दोन वर्षं आमच्याबरोबर आली नाही.

देवळाजवळच बामणघळ आहे. काळ्या खडकात उभी अरुंद भेग. लाट आत घुसते, कोंडते आणि वर उसळते. पूर्ण ओहोटीला तिथे काही दिसत नाही, पाणी चढू लागलं की ती बोलते. तुम्ही सप्तमीला चार-साडेचारला पोचाल, तेव्हा पाणी चढतंच असेल. भांगामुळे तुषार बुटके असतील, तेवढं चालवून घ्या. पाचही जणी मागच्या कोरड्या खडकावर बसा, भेगेच्या ओठावर कोणीही जायचं नाही, फोटोसाठीही नाही.

चांदणं हवंच असेल तर शुद्ध सप्तमी धरा. अर्धा चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास समुद्रात उतरतो. वाळू दिसण्याएवढा उजेड त्याला पुष्कळ असतो.