पासबुकावरचा जुना कोड

प्रश्न : आई कराडला असते. तिच्या औषधांसाठी मी दर महिन्याला ठाण्याहून साडेचार हजार रुपये नेटबँकिंगने पाठवते. या महिन्यात मी बँक बदलली, त्यामुळे तिचं खातं नव्याने जोडावं लागलं. तिच्या जुन्या पासबुकातला आयएफएससी कोड घातला, तर तो चुकीचा असल्याचं दाखवतात. तिची बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली आहे. शेजारी म्हणतात, इंटरनेटवर त्या बँकेचा कुठलाही कोड मिळेल तो घाल. घालू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, कुठलाही घालू नका. कोड अकरा जागांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य आणि शेवटच्या सहा जागा शाखेच्या. बँक विलीन झाली की पहिली चार अक्षरंच बदलतात. देना आणि विजया बँकेचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले, सिंडिकेटचे त्याच वर्षी १ जुलैपासून. तुमच्या आईंच्या पासबुकाचंही तसंच झालेलं दिसतं. नवीन कोड नव्या चेकबुकाच्या पानावर छापलेला असतो, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीतही सापडतो. चेकच्या तळाशी असलेला नऊ आकडी क्रमांक वेगळा, तो चेक वटवण्यासाठीचा. तो इथे चालत नाही.

पण माझी खरी काळजी कोडाची नाही. कोड चुकला तर बहुतेक वेळा तुम्हाला आला तसा नकार येतो, पैसे जागचे हलत नाहीत. खाते क्रमांक चुकला तर मात्र ते दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. मी बँकेत खिडकीवर असताना एका निवृत्त शिक्षकांनी मुलीला चाळीस हजार पाठवले. कोड बरोबर, नाव बरोबर, फक्त खाते क्रमांकात ६१ च्या जागी १६ पडलं. नाव कितीही अचूक लिहा, रक्कम जमा होते ती क्रमांक पाहून. ज्यांच्या खात्यात ती गेली त्यांची संमती येईपर्यंत सर रोज सकाळी बँक उघडायच्या आधी दारात उभे असत. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून आईंना पासबुक घेऊन शाखेत जायला सांगा आणि नवीन छापून घ्यायला लावा. काही विलीनीकरणांत खाते क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा जुन्यावर विसंबू नका. पहिल्या पानाचा फोटो मागवा. फोनवर ऐकून आकडे लिहू नका. क्रमांक घातल्यावर खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. ते नाव आईंचंच आहे ना, हे वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

एनईएफटीला, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या सोयीला, किमान रकमेची अट नाही आणि डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. आधी एक रुपया पाठवा. दर अर्ध्या तासाने हिशेब होतो, तेव्हा थोडा धीर धरा. आईंच्या खात्यात रुपया दिसला की मग औषधांचे पैसे पाठवा.