आजेसासरे १९३०-४० च्या काळात टेक्सासच्या रेडिओवर एका कंट्री-वेस्टर्न बँडमध्ये फिडल (व्हायोलिन) वाजवायचे. त्या बँडचा इतिहास कसा शोधू?

प्रश्नात तुम्ही बँडचं नाव दिलेलं नाही आणि प्रायोजक कोण होता तेही नाही. सुरुवात प्रायोजकापासून करा. गाणं नंतर, आधी पीठ शोधा.

डॅलसला असताना मी 'लाइट क्रस्ट डोबॉइज' या बँडच्या मागे लागलो होतो. लाइट क्रस्ट हा फोर्ट वर्थच्या बरस मिलचा मैदा. १९३१ मध्ये बॉब विल्स, मिल्टन ब्राउन आणि हर्मन आर्न्सपायगर हे तिघं या मैद्याच्या जाहिरातीसाठी रेडिओवर वाजवू लागले. गिरणीचा मॅनेजर ओ'डॅनियल याला हे गावठी संगीत मुळीच आवडेना, दोन आठवड्यांत त्याने कार्यक्रम बंद केला. पुन्हा सुरू झाला तेव्हा वादकांना गिरणीतही राबावं लागलं. १९३२ मध्ये ब्राउन गेला, १९३३ मध्ये विल्स. नाव मात्र राहिलं, कारण ते गिरणीचं होतं. (ओ'डॅनियल पुढे स्वतःचा मैदा आणि स्वतःचा बँड घेऊन १९३८ मध्ये चक्क गव्हर्नर म्हणून निवडून आला!) तेव्हा 'बँडमध्ये कोण कोण होतं?' हे कुणाला विचाराल तर सोबत साल सांगा.

जुनी वर्तमानपत्रं 'पोर्टल टू टेक्सास हिस्टरी' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मी तिथे 'डोबॉइज' टाकलं आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या बातम्यांचा ढीग समोर आला, कारण अमेरिकन शिपायांना तेव्हा डोबॉय म्हणत. मैद्याचं नाव टाकल्यावर कुठे हवं ते सापडायला लागलं. पुसट छपाईत संगणक अक्षरंही चुकीची वाचतो, म्हणून रेडिओच्या वेळापत्रकाचा रकाना आणि नाचाच्या कार्यक्रमांच्या जाहिराती डोळ्यांनीच चाळा. कंटाळवाणं आहे, पण खरा माल तिथेच मिळतो.

घरात तबकडी असेल तर दिव्याखाली तिरकी धरा. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत बारीक आकडे कोरलेले दिसतील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेच्या ध्वनिमुद्रण-सूचीत ते टाकलेत तर मुद्रणाची तारीख आणि गाव मिळू शकतं, कधी वादकांची नावंही. लेबलावरच्या नावावर मात्र विसंबू नका. १९३२ मध्ये व्हिक्टर या तबकडी कंपनीने याच मंडळींची तबकडी 'फोर्ट वर्थ डोबॉइज' नावाने काढली होती. आणि १६ इंची तबकडी सापडली तर ती रेडिओसाठीची असण्याची शक्यता जास्त. घरच्या प्लेअरवर ती मावणार नाही, हौसेने सुई टेकवूही नका. एखाद्या ध्वनिसंग्रहालयाकडे न्या.

सासरच्या अल्बममध्ये बँडचा फोटो असेल तर चेहऱ्यांआधी माइक बघा. त्यावर बऱ्याचदा रेडिओ स्टेशनच्या नावाची अक्षरं असतात. टेक्सासची बहुतेक स्टेशनं 'के'ने सुरू होतात, पण डब्ल्यूबीएपीसारखी काही जुनी 'डब्ल्यू'ची आहेत. ती अक्षरं इथे टाका, पुढचं मी बघतो.