रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पाय का जळतात?

“तपासणीत काही निघालं नाही, म्हणजे दुखणं माझ्या मनातच आहे का?” मधुमेह असलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी ठाण्यात सतत ऐकते.

वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झालेले काका पत्नीसह आले होते. रात्री तळपायांची अशी आग होई की चादरीचा स्पर्शही सोसवत नसे. ओला पंचा गुंडाळून ते पहाटेपर्यंत बसून राहत. मज्जातंतूंतून संदेश कसा वाहतो हे मोजणारी नर्व्ह कंडक्शन चाचणी निर्दोष होती. “मुलगा म्हणतो, रिकामपणाचं दुखणं आहे,” असे ते म्हणाले, तेव्हा काकूंनी नजर चुकवली.

ही चाचणी जाड मज्जातंतूंपुरती असते, आग वाहून नेणारे बारीक तंतू तिच्यात दिसत नाहीत, हे मी प्रथम सांगितले. या तंतूंच्या आवरणातील वाहिनी, म्हणजे एक सूक्ष्म दार, उघडली की सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात आणि संदेश निघतो. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मिथाइलग्लायॉक्सल नावाचा पदार्थ साचतो आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो एनएव्ही १.८ या सोडियम वाहिनीत बदल घडवून वेदनातंतूंना अधिक उत्तेजित करतो. मग इजा नसतानाही संदेश सुटू शकतो. याउलट, एनएव्ही १.७ ही वाहिनी जन्मतः निकामी असलेल्या उत्तर पाकिस्तानातील काही मुलांना वेदनाच जाणवत नव्हती, हे २००६ मध्ये नोंदले गेले आहे.

“म्हणजे दाराशी कोणी नाही, तरी बेल वाजतेय,” काका म्हणाले. काकूंनी हळूच विचारले, “म्हणजे ह्यांना खरंच दुखत होतं?” मी मुद्दाम बोलले नाही. वर्षभर औषधाआधी काकांना हवा होता तो विश्वास, आणि तो माझ्याकडून नव्हे, काकूंकडून मिळायला हवा होता.

पुढच्याच भेटीत काकांचे “माझ्याच जिलब्यांनी हे केलं” हे सुरू झाले. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे घटनेइतकाच तिच्याविषयीचा आपला विचारही तपासून पाहणारी पद्धत, मानते. कारण शोधणे वेगळे आणि स्वतःला गुन्हेगार ठरवणे वेगळे, यावर आमचा बराच वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला.

अशा रुग्णांनी डॉक्टरांना “पाय दुखतात” एवढेच न सांगता जळते, टोचते की करंट लागतो, हे सांगावे. प्रीगॅबालिन ही मज्जातंतूंच्या वेदनेवरची गोळी “डोक्याची गोळी” म्हणून काकांनी परस्पर बंद केली होती. ती मज्जातंतूंच्या कॅल्शियम वाहिन्यांवर काम करते आणि डॉक्टरांना न विचारता एकाएकी थांबवू नये. जळणाऱ्या पायाला खडा रुतलेला कळत नाही, असेही घडते. म्हणून तळवे रोज पाहावेत आणि गरम पाण्याचा शेक, कोणी कितीही आग्रह केला तरी, घेऊ नये.