मालवणात पीसी जोडतोयस तर आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघ

अरे, ग्राफिक कार्डावर एवढा जीव टाकू नकोस. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कितीदा जाते-येते, तुला माहीत आहेच. माझा पहिला मदरबोर्ड स्वस्त एसएमपीएसपायीच गेला. नावाजलेला ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) असलेला घे, सोबत यूपीएस, आणि घरचं अर्थिंग तपासून घे. वीज कडाडू लागली की प्लगसोबत लॅनची, म्हणजे इंटरनेटची वायरही काढ.

प्रोसेसर रायझन ५ मधला ७६०० पुरे. ग्राफिक्स त्यातच आहे, कार्ड दिवाळीला घेतलंस तरी चालेल. रॅम डीडीआर५ प्रकारची, ८ जीबीच्या दोन पट्ट्या. एकच १६ची नको, वेग कमी पडतो.

कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीखाली मुळीच नको, खारी हवा कनेक्टर खाते. पावसात रोज तासभर तरी चालू ठेव, आत ओल धरत नाही.