जुन्या फायबर बोटीचा फ्लोअर पायाखाली दबतोय, वरून नवा प्लाय मारला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून बोट अशी दिसते: १८ फुटी, सेकंडहँड, मागे आउटबोर्ड इंजिन. सीटच्या पायांपाशी आणि टाकीजवळ फ्लोअर दबतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत त्यावर १२ मिमीचा प्लाय मारायचा आणि नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घालायची, असा तुमचा बेत आहे.

वरून प्लाय मारू नका. मालवण पट्ट्यात मी फायबरचंच काम करतो आणि असे दुहेरी फ्लोअर मी उघडले आहेत. खालचा ओला प्लाय कोंडला जातो, त्याला वाळायला वाव राहत नाही, आणि नवा प्लायही खालच्या अंगाने काळा पडू लागतो. बोटीचं वजन वाढतं ते वेगळंच.

फ्लोअर दबतो म्हणजे खाली स्ट्रिंजरला काय झालंय ते बघायची वेळ आली आहे. पुढून ट्रान्समपर्यंत (इंजिन अडकवतात ती मागची उभी फळी) तळाला लांबीने बसवलेले हे पट्टे लाटेचा मार आणि इंजिनाचा जोर सगळ्या तळावर पसरवतात. जुन्या बोटींत ते बहुधा प्लायचे किंवा साध्या लाकडाचे असतात, वरून फायबरचे दोन-तीन थर. आतलं लाकूड कुजलं की सगळा भार त्या थरांवर येतो, वेगात असताना तळ आतबाहेर होऊ लागतो आणि स्ट्रिंजरच्या कडेने बारीक तडे जातात. ते तडे बाहेरून रंगाने झाकले जातात, म्हणून विकत घेताना कळत नाहीत.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला गोडं पाणी आणि हवा लागते, खारं पाणी तिला मानवत नाही. त्यामुळे तुमच्या बोटीचं नुकसान समुद्रात कमी आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर पडून असताना जास्त झालं असणार. सीट, टाकी, हुक बसवताना फ्लोअरमध्ये मारलेल्या स्क्रूंच्या भोकांत सीलंट भरलेलं नसतं. पावसाचं पाणी तिथूनच आत जातं, आणि फ्लोअर दबतो तोही नेमका त्याच जागी.

खर्चात पडण्याआधी ट्रान्सम तपासा. इंजिन थोडं वर उचला, खालचा पाय धरून जोरात वरखाली करा आणि ट्रान्समकडे बघा. तो हलत असेल किंवा क्लॅम्पखाली दबला असेल, तर कामाचं स्वरूपच बदलतं. तेव्हा बोट ठेवायची की नाही याचा विचार आधी करा. ट्रान्सम ठीक असेल तर फ्लोअरवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. कोरड्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. संशय येईल तिथे स्ट्रिंजरच्या वरच्या अंगातून ५-६ मिमीचं भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट निघाला तर लाकूड जिवंत आहे. काळपट, ओला, बोटाने चुरगळणारा निघाला तर तेवढ्यावर न थांबता पुढेमागे फूटफूट अंतरावर भोकं पाडून तो कुठपर्यंत पोचलाय ते बघा. ओल लाकडाच्या रेषेने लांबवर सरकते.

आता वेळेचं. बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि फायबरच्या कामाला कोकणातले याहून वाईट दिवस नाहीत. उघडलेली बोट वाळणार नाही, आणि ओल्या जागेवर रेझिन (फायबरचे थर जोडणारा, सुकून घट्ट होणारा द्रव) धरत नाही. वरून पत्रा आणि चारी बाजूंनी बंद शेड असेल, आत पंखे आणि दिवे लावता येत असतील, तरच जूनमध्ये हात घाला. नाहीतर पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून पुढे करा. मध्येच घाई करून ओल कोंडण्यापेक्षा एक हंगाम अर्धा गेलेला मला परवडतो. तळ वाळला की नाही हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून थांबा.

सगळ्यात काळजीची जागा आता येते. फ्लोअर आणि स्ट्रिंजर काढल्यावर तळाला आकार धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. बोट दोनच ठोकळ्यांवर ठेवलेली असेल तर तळ हळूहळू झोल खातो, आणि तुम्ही नवे स्ट्रिंजर बसवले की तो झोल कायमचा पक्का होतो. मागच्या बाजूला तळ आत दबला तर बोट नाक खाली घालून पळते, बाहेर फुगला तर वेगात नाळ (बोटीचं पुढचं टोक) वरखाली आपटत राहते. हे नंतर सुधारणं फार अवघड जातं. म्हणून इंजिन आणि टाकी आधी उतरवा, तळाखाली पुढून मागेपर्यंत जवळजवळ आधार द्या, काठाकाठाला आडव्या दोऱ्या बांधून मापं लिहून ठेवा, आणि स्ट्रिंजर एका वेळी एकच काढा. एक बसून पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

कापताना करवतीची खोली फ्लोअरच्या जाडीइतकीच ठेवा, खाली तळ आहे. जुना स्ट्रिंजर शक्यतो अखंड काढा, कितीही कुजलेला असला तरी. नव्याचा साचा तोच. खालचा फोम पिळल्यावर पाणी देत असेल तर सगळा काढून टाका. पण मोकळी जागा तशीच सोडू नका. तो फोम बोट भरली तरी तरंगत राहावी म्हणून असतो, तेव्हा नंतर बंद पेशींचा फोम परत भरावाच लागेल. ग्राइंडरचं काम अंगभर कपडे, चष्मा आणि चांगला मास्क लावूनच करा. साधा रुमाल काचेची धूळ अडवत नाही.

तळ ४० नंबरच्या डिस्कने स्वच्छ फायबर दिसेपर्यंत घासा, धूळ काढा, ॲसिटोनने पुसा. जुन्या फायबरवर नवं रेझिन धरतं ते या ओरखड्यांच्या जोरावर. मजबुती इथे ठरते.

नवा स्ट्रिंजर आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचा करा. आयएस ३०३ चा साधा प्लाय स्वस्त पडतो, पण इथे नको. कडांसकट सगळ्या बाजूंनी रेझिन पाजून घ्या. तो तळावर थेट टेकवू नका. टेकला की त्या रेषेवर तळाला कठीण धार लागते आणि तडा तिथेच जातो. खाली ५-६ मिमी जागा सोडून ती पुट्टीने (भिंतीची नव्हे, रेझिनमध्ये भुकटी मिसळून केलेली) भरा, दोन्ही बाजूंना पुट्टीची गोल उतरती कड करा, आणि वरचे कोपरेही गोल करा, कारण काटकोनावर मॅट (काचेच्या तंतूंची चादर) बसत नाही, आत हवा राहते. मग थर चढवा: ४५० ग्रॅमची मॅट, ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (विणलेलं काचेचं कापड), पुन्हा मॅट. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ५० मिमी जास्त तळावर पसरलेला हवा. ४५० ची एक मॅट साधारण १ मिमी जाडी देते. जुन्या थरांची जाडी मोजा आणि त्यापेक्षा कमी ठेवू नका. पाणी मागे वाहून जायला स्ट्रिंजरमधली भोकं हवीतच, पण त्यांत पीव्हीसी पाइपचे तुकडे रेझिनने बसवा. उघडं लाकूड कुठेही राहता कामा नये.

रेझिनचं प्रमाण उन्हाप्रमाणे बदला. एक किलोला १० ते २० ग्रॅम कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन. उकाडा जास्त असेल तर १० च्या बाजूला राहा, आणि मगात थोडं थोडंच मिसळा. दुकानदाराने कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा दिला असेल तर हे नीट ऐका: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच कॅटॅलिस्ट घालायचा. दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका किंवा स्फोट होतो. दोन्हींच्या बाटल्याही एकत्र ठेवू नका.

इपॉक्सी वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. जुन्या फायबरवर ते जास्त चांगलं धरतं हे खरं, पण बरंच महाग पडतं. शिवाय साध्या मॅटमधला बांधणारा डिंक पॉलिएस्टर रेझिनमध्येच विरघळतो, म्हणून इपॉक्सीला शिवलेलं कापड लागतं, आणि इपॉक्सीवर पुढे पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणजे सुरू केलंत तर शेवटपर्यंत तेच न्यावं लागेल. १८ फुटी बोटीला, तळ मनापासून घासला असेल तर, पॉलिएस्टर पुरतं असं माझं मत आहे.

फ्लोअरचा प्लाय खालच्या अंगालाही मॅट लावून मग बसवा. स्ट्रिंजरवर पुट्टीची गादी, वरून मॅट आणि रोव्हिंग, कडेने तळाच्या भिंतीला जोड. घसरू नये म्हणून शेवटच्या जेलकोटवर बारीक वाळू भुरभुरवा. गालिचा लावू नका, तो पाणी धरून ठेवतो. सीट-टाकीच्या स्क्रूंसाठी आधी मोठं भोक पाडा, ते पुट्टीने भरा, सुकल्यावर त्याच्या मधोमध लहान भोक पाडून सीलंटसकट स्क्रू घाला. या एका सवयीने फ्लोअरचं आयुष्य कितीतरी वाढतं. आणि पावसाळ्यात बोट शाकारताना नाळ उंच ठेवा, मागचा बूच काढून ठेवा.

भोकं पाडून बघितल्यावर ट्रान्समला स्ट्रिंजर जिथे मिळतो त्या जागेचा फोटो टाका, थर किती लागतील ते त्यावरून सांगता येईल.